चकातून काढलेला जॉब

मोरिशिता-सानच्या मुलाने मला फसवलं, आणि मी मोरिशिता-सानना फसवलं. यातलं पहिलं वाक्य मी गेलं वर्षभर नागोयातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाला ऐकवलेलं आहे. दुसरं आज पहिल्यांदा लिहितो आहे. दोन्ही खरी आहेत.

मी जुन्या मशिनांचा धंदा करतो. नागोयाच्या आसपास, डोंगराच्या पायथ्याच्या गावांतून, घराखालीच वर्कशॉप असलेली म्हातारी माणसं आहेत. मुलं शहरात नोकरीला लागली की वर्कशॉप बंद होतं आणि पन्नास वर्षं वापरलेलं, पण काल घेतल्यासारखं राखलेलं लेथ विकायला निघतं. ते मी घेतो, कंटेनरमध्ये घालतो आणि कुपवाडच्या एमआयडीसीत पाठवतो. मी स्वतः विट्याचा. सतराव्या वर्षी लेथवर उभा राहिलो. एका कंपनीने टेक्निशियन म्हणून इकडे पाठवलं, आणि तीन वर्षांनी ती नोकरी सोडून मी हा धंदा काढला. कुणाच्या ओळखीने नाही की कुणाच्या शिफारशीने नाही. सौद्यात मला कुणी हरवत नाही असं मी बायकोला सांगत असे. बायको, वैशाली, म्हणायची, "अहो, तुम्ही हरलात तरी तुम्हाला कळत नाही, एवढंच."

मोरिशिता-सान तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते आणि त्यांचं दुकान बंदुकांचं होतं. जपानात बंदुकांचं दुकान असतं हे ऐकूनच मी हबकलो होतो. इथे मोठा चाकू घेऊन रस्त्याने चाललात तर पोलीस थांबवतात. पण डोंगरातून रानडुकरं आणि हरणं भाताच्या शेतात उतरतात, त्यांच्या मागे जाणारे परवानेवाले शिकारी असतात, आणि त्यांच्या रायफली बिघडतात. त्या मोरिशिता-सान दुरुस्त करायचे. नेमबाजांना रायफलीचे अक्रोडाच्या लाकडाचे दस्तेही करून द्यायचे. दुकान बंद करायचं ठरत होतं, आणि त्यांचं लेथ मला हवं होतं.

फेब्रुवारीत मी ते बघायला गेलो तेव्हा सायलीला बरोबर नेलं. सायली माझी मुलगी, सोळा वर्षांची, हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे आपल्या दहावीला. मी जपानी बोलतो, पण कागद वाचायला तीच लागते. इथेच वाढलेली. मी मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते. शाळेत तिने नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं होतं. तिथे गोळ्या नसतात. रायफल वजनाने, दस्त्याने, चापाने अगदी खऱ्यासारखी, पण नळीतून नुसता प्रकाशाचा किरण निघतो, म्हणून तिला परवाना लागत नाही. त्या क्लबात सायली शेवटून पहिली होती. टोकियोत हिगाशी-कसाईला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याची मुलं गणिताच्या स्पर्धेत बक्षिसं आणत होती, आणि मी तिला दर रविवारी सांगत होतो की हे खूळ सोड.

लेथच्या भावाचं बोलणं तीन मिनिटांत संपलं. त्यांनी एक आकडा सांगितला. मी माझा सांगितला. ते चहा ओतत राहिले, आणि थोड्या वेळाने मीच माझा आकडा वर नेला. अजूनही कळत नाही का नेला ते. मग ते सायलीकडे बघू लागले. तिने चहाचा पेला उचलला होता. त्यांनी तिला सांगितलं की दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट रोख. तिने रोखलं. आता एक डोळा मीट, आता दुसरा. मग बाकावरचा चिंध्यांचा बोळा त्यांनी एकदम तिच्या अंगावर फेकला, आणि तिने तो झेलला.

मला म्हणाले, "तुमची मुलगी डावरी आहे."

मी म्हणालो, "होती. आम्ही सुधारली."

हे मी अभिमानानेच म्हणालो होतो. सायली चार वर्षांची असताना नागोयाच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिने प्रसादाला डावा हात पुढे केला आणि एक बाई चारचौघांत काहीतरी बोलल्या. त्यानंतर वर्षभर जेवायला बसताना मी तिच्या डाव्या मनगटाला रुमाल बांधायचो. रडायची, पण सुटली सवय. निदान मला तसं वाटत होतं.

मोरिशिता-साननी पेला खाली ठेवला. मग म्हणाले की मलाही सुधारलं होतं, माझ्या वडिलांनी. आणि बाकावरची कानस त्यांनी डाव्या हातात घेतली. रायफल उजव्या हाताच्या माणसासाठी कोरलेली असते, गाल टेकायची जागा, अंगठ्याची खाच, सगळं. ही मुलगी डाव्या डोळ्याने बघते आणि उजव्या खांद्यावरून मारते, मग दुसरं काय होणार? तिला तिचा दस्ता पाहिजे. तो तिने स्वतः करायचा, मी दाखवीन. तोवर लेथ इथेच राहील.

खरी घासाघीस तेव्हा झाली, दिवसांवर. मी म्हणालो महिना. ते म्हणाले होईल तेव्हा. मी तीन महिने म्हणालो. त्यांनी चहा ओतला. शेवटी ठरलं ते असं: दस्ता पुरा होऊन रायफल जोडली जाईल त्या दिवशी लेथ माझं. मी मान लववून हो म्हणालो. कागद केला नाही. त्यांच्याकडे असल्या गोष्टीचा कागद करत नाहीत, आणि कागद नसला की मला उलट बरं वाटतं.

घरी वैशालीला सांगितलं तेव्हा ती पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. पोळी जळली. म्हणाली, "बंदुकीच्या दुकानात? आणि आपल्या व्हिसाचं काय?"

हा प्रश्न मोरिशिता-सानना माझ्याआधी सुचलेला होता. पुढच्याच आठवड्यात ते मला आणि सायलीला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तिथल्या अधिकाऱ्याला त्यांनी सायली काय करणार आणि कशाला हात लावणार नाही हे शब्दाशब्दाने सांगितलं. तो अधिकारी दुकानात येऊन बघून गेला. मग त्यांनी दुकानाच्या जमिनीवर पिवळी चिकटपट्टी मारली. पट्टीच्या पलीकडे शिकाऱ्यांच्या रायफली आणि त्यांचे सुटे भाग. अलीकडे लाकूड, हत्यारं, लेथ आणि सायली. परवाना ज्याच्या नावाचा त्यानेच त्या बंदुकीला हात लावायचा, असा इथला कायदा आहे. एकदा पलीकडचा फोन वाजत होता, मोरिशिता-सान मागे हात धूत होते, आणि सायली पट्टीच्या कडेला पायाची बोटं टेकवून उभी होती. फोन वाजून वाजून बंद झाला. मी तो घ्यायला निघालो तेव्हा तिने माझी बाही धरली.

माणूस असा होता की चहा करायला आत जातानासुद्धा कपाटाला कुलूप घालायचा. बाहेर आला की उघडायचा. बसवलेल्या प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या दिशेनेच आडवी राहिली पाहिजे हा त्यांचा नेम. एक जरी तिरपी दिसली तरी सगळं सोडून परत. संडासातल्या दिव्याच्या बटणाचे स्क्रूसुद्धा त्यांनी तसे बसवले होते. सायलीला तो रोग लागला. आमच्या घरातले पंख्याचे, कपाटाचे, देव्हाऱ्याचे सगळे स्क्रू तिने एका शनिवारी सरळ केले. देव्हाऱ्याच्या मागे ती कशाला गेली हे वैशालीला कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

चांगलं झालं असं ते कधी म्हणायचे नाहीत. फार तर "मा" म्हणायचे. म्हणजे ठीक, चालेल, बघू. सायलीला एवढ्या दिवसांत चार "मा" मिळाले आणि चारही तिने वहीत लिहून ठेवले. संक्रांतीला वैशालीने तिळाच्या वड्या दिल्या, तर त्यांनी त्या स्क्रूच्या ट्रेमध्ये एका कप्प्यात एक अशा लावून ठेवल्या आणि रोज एक खाल्ली. संपल्यावर ट्रे धुऊन, पुसून, त्यात परत स्क्रू ठेवले. सायलीने विचारलं आवडल्या का. म्हणाले, मा. ते वहीत चढवायचं की नाही यावर आमच्या घरी वाद झाला.

काम कसं चालायचं ते सांगतो. त्यांनी लेथवर एक पोलादी नळी केली होती, बाहेरून रायफलीसारखी, पण आत गोळी बसायला जागाच नाही अशी. ती काजळीने माखायची आणि कोरलेल्या अक्रोडाच्या फळीत दाबून परत काढायची. लाकडाला जिथे काळं लागलं तिथे ते उंच आहे. तेवढंच खरवडायचं. परत माखायचं, परत दाबायचं. शेवटी सगळ्या खोबणीभर सारखी काजळी उमटली की नळी लाकडात बसली. "काळं लागलं तेवढंच," एवढं एक वाक्य ते दिवसभरात पन्नास वेळा म्हणायचे. सायली घरी यायची तेव्हा तिच्या कानामागेसुद्धा काजळी असायची.

पाचव्या महिन्यात तिने एके ठिकाणी जास्त खरवडलं. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये फट पडली, नखाएवढी जाड. तिने हत्यार खाली ठेवलं. मी शेजारीच स्टुलावर बसलो होतो. मी हळूच मराठीत म्हणालो, अगं, भुसा गोंदात कालव आणि भर, वरून पॉलिश मारल्यावर कुणाच्या बापाला कळतंय. मोरिशिता-सानना मराठी येत नव्हतं. पण बोलताना मी दोन बोटांनी भरायची खूण केली होती, ती त्यांनी पाहिली. त्यांनी दस्ता हातात घेतला, त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख घातली आणि भिंतीवर टांगला. तिथे आधीच चार दस्ते टांगलेले होते, सगळे त्यांनी स्वतः बिघडवलेले, सर्वांत जुना ते बावीस वर्षांचे असतानाचा. मग मागून दुसरी फळी आणून त्यांनी सायलीपुढे ठेवली. पाच महिने गेले. कुपवाडचा माझा ग्राहक आठवड्याला फोन करत होता. मी इतका भडकलो की गाडीत जाऊन बसलो. अर्ध्या तासाने परत आलो तर दोघं नव्या फळीवर रेघा मारत होती आणि सायली डाव्या हाताने मारत होती.

दुसरा दस्ता बारा महिन्यांच्या आसपास झाला. त्यांनी एकदा सगळं जोडून बघायचं ठरवलं. जोडण्याआधी प्रत्येक भाग हातात धरून सायलीने सांगायचं होतं की हा विसरला तर काय होईल. ही पट्टी विसरले तर चाप परत येणार नाही. हा वायसर विसरले तर लाकूड चिरेल. तिचं जपानी मला घरी कधी इतकं स्वच्छ ऐकू येत नाही. मग तिने जोडली. शेवटचा स्क्रू फिरवताना ती जीभ दातांत धरत होती, खाच बरोबर आडवी आणली आणि हात काढले. मोरिशिता-साननी ती रायफल उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. तिच्या मापाची, त्यांना लहान होत असणार. तरी बराच वेळ खाली ठेवली नाही. खाली ठेवली आणि "मा" म्हणाले. तो चौथा.

आता एकच भाग राहिला होता. प्रकाशाचं यंत्र नळीच्या तोंडाशी पकडून ठेवणारं एक पोलादी कडं. ते केसभर जरी मध्यापासून हललं तरी किरण दुसरीकडे जाणार. रायफल परत सुटी केली, लाकूड तेलाला ठेवलं, आणि मोरिशिता-सान कड्याच्या कामाला लागले. जूनमध्ये प्रांताच्या शाळांची स्पर्धा होती. सायली एप्रिलपासून हायस्कूलच्या तिसऱ्या, शेवटच्या वर्षात जाणार होती, आणि तिसऱ्या वर्षाच्या त्या स्पर्धेनंतर मुलं क्लब सोडतात. म्हणजे ती एकच संधी होती. वेळ भरपूर होता. मार्च चालू होता.

मार्चच्या शेवटी मोरिशिता-सान मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस हॉस्पिटलात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा, केंजी-सानचा फोन आला. पन्नाशीचा माणूस, शहरात जमिनींच्या व्यवहारात आहे, बोलणं साखरेसारखं. म्हणाला, जाधव-सान, वडिलांचं ठरलंय, लेथ याच आठवड्यात न्या, मला जमीन मोकळी हवी आहे. मी विचारलं, वडील हो म्हणाले? म्हणाला, हो, हो, त्यांनीच सांगितलं.

वडील हो म्हणालेले नव्हते. हेच ते फसवणं, जे मी सगळ्यांना सांगत फिरतो.

सांगत नाही ते असं. माझा कंटेनर शुक्रवारी बंद होत होता. मोरिशिता-सानना फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती. ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास कशाला, असं मी मनाशी म्हणालो. सायलीलाही सांगितलं नाही, क्लबाचा सराव चालू होता म्हणून. गुरुवारी सकाळी क्रेनची गाडी घेऊन गेलो. केंजी-सानने शटर उघडून दिलं आणि तो फोनवर बोलत बाहेर उभा राहिला.

लेथच्या चकात, म्हणजे तुकडा घट्ट धरून फिरवणाऱ्या पकडीत, कडं होतं. अर्धं झालेलं. लेथवर लावलेल्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. जॉब चकात बसवून तो मध्यावर आणायला चांगल्या कारागिराला अर्धा दिवस लागतो, आणि काम अर्धवट असताना तो एकदा चकातून काढला की तो मध्य परत सापडत नाही. पुन्हा लावा, पुन्हा फिरवा, आधी कापलेलं आणि आता कापलेलं एकमेकांवर येत नाही. हे लेथवर पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला तर विट्यात मिस्त्रीने कानफटीत मारून शिकवलं होतं.

मी चकाला चावी लावली, फिरवली, आणि कडं काढून बाकावर ठेवलं. खाली एक स्वच्छ कपडा घातला. तो कपडा मी का घातला ते विचारू नका.

रविवारी नेहमीप्रमाणे सायलीला घेऊन गेलो. रस्त्यात तिला सांगितलं की केंजी-सानने असं केलं, माझा इलाज नव्हता. ती खिडकीबाहेर बघत होती. मोरिशिता-सान एका डोळ्यावर पट्टी बांधून दुकानाच्या मध्यभागी उभे होते. जमिनीवर जिथे लेथ होतं तिथे तेलाचा चौकोन आणि बोल्टची चार भोकं. मी घडाघडा बोलायला लागलो. मुलाने सांगितलं, मला वाटलं तुम्ही. त्यांनी मला बोलू दिलं. मग बाकाजवळ गेले, कडं उचललं, उजेडात धरलं, परत त्या कपड्यावर ठेवलं.

म्हणाले, "जाधव-सान, तुम्हाला लेथ कळतं."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी त्याआधी आणि त्यानंतर खूप शिव्या खाल्ल्या आहेत, विट्यातही आणि इथेही, पण त्या सगळ्या मिळून एवढ्या लागल्या नव्हत्या. सायलीने त्यांच्याकडे बघितलं, कड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला त्यांनी शिकवलेलं होतं चकातून जॉब काढला की काय होतं ते. परत येताना मी विचारलं, भूक लागली का. तिने उत्तर दिलं ते दुकानातल्या मुली गिऱ्हाइकाला देतात तसं, संपूर्ण आदरार्थी जपानीत. नाही, माझी काळजी करू नये. पोटच्या मुलीने बापाशी तसं बोलणं म्हणजे काय, हे जपानात राहिलेल्या माणसालाच कळेल. दोन महिने ती माझ्याशी तशीच बोलली.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. लेथ घेऊन कंटेनर निघून गेला होता, ते परत आणता येणार नव्हतं. नागोयात माझ्या ओळखीची वीस वर्कशॉप आहेत, संगणकावर चालणारी मशिनं आहेत, तासात नवं कडं करून आणतो म्हणालो. मोरिशिता-सान म्हणाले, सायली-सानला विचारा. मी विचारलं. ती नको म्हणाली. मी समजावलं, रागावलो, अगं स्पर्धा तुझी आहे. ती म्हणाली, बाबांनी आणलेलं कडं मी लावणार नाही.

मग त्यांनी ते कडं हाताने करायला घेतलं, ज्या रीतीने लाकूड केलं होतं त्याच रीतीने. काजळी माखायची, यंत्र घालून फिरवायचं, काळं बघायचं, तेवढंच खरवडायचं. पोलाद. एका रविवारी केसाच्या निम्मं सुद्धा सरकत नाही. त्यांना एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, म्हणून ते काळं कुठे आहे ते सायली सांगायची आणि ते बोटाने चाचपून हो म्हणायचे. लेथवर राहिलेलं काम दोन दिवसांचं होतं. हाताने सात रविवार लागतील असं त्यांनी सांगितलं. मी मोजले. सातवा रविवार मेच्या मध्यावर येत होता. स्पर्धेला तीन आठवडे उरत होते.

सहा रविवार झाले. सातव्या रविवारी शटर बंद होतं.

मोरिशिता-सान मंगळवारी न्हाणीत पडले होते. केंजी-सानने त्यांना हॉस्पिटलातून थेट वृद्धांच्या निवासात हलवलं आणि दुकानाचा परवाना परत करायचा अर्ज टाकला. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. आम्ही कोण होतो कळवायला? मी फोनवर केंजी-सानला म्हणालो की दुकानात माझ्या मुलीचं सामान आहे, एक दस्ता, एक नळी, एक कडं, मी न्यायला येतो. तो म्हणाला, जाधव-सान, आतल्या सगळ्या सामानाची यादी करून मोडीत काढणाऱ्या माणसांना दिली, त्यांनी शुक्रवारीच नेलं. त्याने यादीत लिहिलं होतं, रायफल एक, सुटी. कुणाच्याच नावावर नाही. अशा वस्तूंचं जे करतात ते तिचं केलं होतं. कापली.

नळीत गोळी बसायला जागा नव्हती. हे त्याला कुणालाही विचारता आलं असतं. बापाला विचारता आलं असतं. दोन मिनिटांचा फोन.

हे वाक्य लिहिताना मी थांबलो, कारण ते माझ्याबद्दलही आहे. लेथ चकासकट जागेवर असतं तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती रायफल जोडून आमच्या घरी आली असती. केंजी-सानच्या यादीत ती असूच शकली नसती.

सायली रडली नाही. जूनमध्ये क्लबाच्या उजव्या हाताच्या रायफलीने उतरली आणि शेवटून दुसरी आली. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाली, आपण सेन्सेईंना भेटून सांगून येऊ. मराठीत म्हणाली. मला तेही सोसवेना.

निवास टेकडीवर होता. भेटीची खोली, एक टेबल, तीन खुर्च्या. मोरिशिता-सानना चाकाच्या खुर्चीतून आणलं. इतका लहान झालेला माणूस मी पाहिला नव्हता. डोळे मात्र आता दोन्ही स्वच्छ होते. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सायलीने सांगितलं, उभं राहून, हात मांडीला लावून, जसं झालं तसं. कापली हा शब्दही तिने टाळला नाही. मी दाराशी होतो.

मग त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि डावा हात पुढे करायला सांगितला. तिचा कोपर स्वतःच्या तळहातावर टेकवला, आणि दुसऱ्या हाताची वीत कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत टाकली. एकदा. परत एकदा.

म्हणाले, "वाढलीस. दोन सेंटिमीटर. तो दस्ता तुला आखूडच झाला असता. नवीनच करावा लागला असता."

सायलीचा चेहरा एकदम सैल पडला. ती हसली, आणि मग पहिल्यांदा रडली. मोरिशिता-सान खिडकीकडे बघू लागले. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला नुसती मान लववली, तिऱ्हाइताला लववतात तेवढी.

मी आयुष्यभर मापं घेतलेली आहेत. माझ्या डोळ्याला मिलिमीटर कळतो. सायलीची बाही हायस्कूलला प्रवेश घेतला तेव्हा मनगटाच्या हाडाशी येत होती, आजही तिथेच येते. ती एक सूतभरसुद्धा वाढलेली नाही. संडासातल्या बटणाचा स्क्रू तिरपा सहन न होणारा तो माणूस एका मुलीच्या हातावर वीत टाकून तिच्या तोंडावर खोटं माप बोलला.

केंजी-सान, तुम्ही मराठी वाचत नाही, म्हणून यातलं प्रत्येक वाक्य मी जपानीत करून तुमच्या दारात आणणार आहे, आणि हे खोटं त्यांना बोलायला लावणारे आपण दोघं होतो हे तुम्ही वडिलांसमोर उभं राहून कबूल करायचं आहे. मी बाजूला उभा असेन. पण आधी तुम्ही बोलायचं. यादी तुमच्या अक्षरात आहे.